नंबर पाचची पुडी

बारामती,
९ ऑगस्ट १९५७

चि. शरयूस,

आशीर्वाद. ते देऊन झाले, आता तक्रारींकडे वळते.

तुझ्या बापाने कळवलं की तू अलिबागला समुद्रकाठच्या एका शेडमध्ये बसून खेकड्यांना जेवायला वाढतेस आणि ते कसे जेवतात हे वहीत लिहून घेतेस. कॉलेज त्यासाठी शिष्यवृत्तीही देतं म्हणे. मी एकतीस वर्षं मुलं शिकवली, त्यातली अकरा हेडमिस्ट्रेस म्हणून. खेकड्यांचं निरीक्षण केल्याबद्दल मला कोणी शिष्यवृत्ती दिली नाही, आणि आमच्या शाळेच्या कमिटीवर ते काही कमी नव्हते.

जूनअखेरीस मलाही तो फ्लू झाला, जो सगळ्या देशाला झाला. दहा दिवस अंथरुणात होते. आता ठणठणीत आहे. देश मात्र अजून आजारी दिसतो. हसू नकोस. वाण्याकडून आंबेमोहोर आणला. शिजला, वाढला, तरी वासाचा पत्ता नाही. त्याला जाऊन सुनावलं, तर म्हणतो, "बाई, तुमच्या शेजारणीनं ह्याच पोत्यातला नेलाय, ती तर खुश हाय." कॉफी म्हणजे गरम तपकिरी पाणी. साबणात सुगंध घालायचा कारखानदार विसरले. परवा परसातला सोनटक्का फुलला, त्यालाही वास नाही. फुलात भेसळ करता येत नाही, तेव्हा तो दोष मी कालव्याच्या पाण्याला देते.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे सिंधुबाई. तुला ती आठवत असेलच, सुट्टीत आलीस की हुलग्याची शेंगोळी करून घालायची. नवरा गेल्यावर कळंबहून माझ्याकडे आली, त्याला चौदा वर्षं झाली. मागच्या खोलीत राहते. मी तिला अक्षरं शिकवली, तिने मला भाकरी. तिचा हात असा होता की माझ्याकडे जेवून गेलेले शिक्षणाधिकारी शाळेचा शेरा चांगला लिहीत.

तो हात गेला. आमटीत मीठ असतं, आंबट असतं, तिखट असतं, आमटी नसते. मी म्हटलं, "चाखून बघत जा." तर म्हणाली, "निवदाच्या आधी? देवाला उष्टं दावू व्हय?" माझ्या घरात देव नव्हता, हे तुला ठाऊक आहे. तिनेच स्वयंपाकघराच्या कोनाड्यात खंडोबा आणून बसवला. तेव्हापासून माझ्या आधी तो जेवतो. त्याची तक्रार नाही. मूर्तीला जीभ नसते.

शेडमध्ये ओल असेल. पायांत काहीतरी घालत जा.

तुझी आत्या,
अनसूया चौबळ

*

अलिबाग,
१८ ऑगस्ट १९५७

ती. आत्या,

वाकून नमस्कार. वाकलेलीच असते मी दिवसभर, टाकीवर.

खेकड्यांबद्दल तू विचारलं नाहीस, टोमणा मारलास, पण मी उत्तर देणार. त्यांना नाक नसतं. डोळ्यांच्या मध्ये दोन बारीक मिशा असतात, त्याच त्यांचं नाक. स्वस्थ असला तरी खेकडा त्या मिशा पाण्यात टकटक हलवत असतो, जसं आपण हुंगतो. टाकीत एका टोकाने पाणी सोडायचं आणि तिथे कोळंबीची पुरचुंडी बांधायची. अर्ध्या मिनिटात मिशांची टकटक दुप्पट होते आणि स्वारी प्रवाहाच्या उलट चालायला लागते. जेवण झालं की मिशा पुसून घेतो, एखाद्या मामलेदारासारखा.

आणि जीभ कुठे असते सांगू? तोंडापाशी असतेच, शिवाय पायांच्या टोकांना! ज्यावर उभा आहे त्याची चव त्याला कळते. म्हणजे लांबच्यासाठी मिशा आणि जवळच्यासाठी पाय, अशी दोन वेगळी खाती. हेच मला सिद्ध करायचं आहे. म्हणून नंबर सातच्या मिशा मी कापल्या आहेत. (रागावू नकोस, मी आधीच रडून घेतलंय.) तो बिचारा कोळंबीपासून वीतभर अंतरावर ढिम्म बसून राहतो. मग चालता चालता चुकून पाय पडला, की झडप! बाकी खेकड्यांचं जेवण तोवर उरकलेलं असतं.

दुसऱ्या टाकीत समुद्रफुलं आहेत. दिसतात फुलासारखी, असतात प्राणी, आणि पाकळ्या म्हणजे त्यांचे हात. एका हाताला कोळंबीच्या पाण्यात भिजवलेला कागद दिला तर आधी गिळतात. चार-पाचदा फसल्यावर तो हात कागद घेईनासा होतो, पण शेजारचा हात पुन्हा फसतो. सर म्हणतात, कमिटीसारखं. तुझी आठवण झाली.

सिंधुबाईचं वाचून वाईट वाटलं. आता तिचंही वय झालं असेल गं. हात जातोच कधीतरी. आमच्या खानावळीतल्या आजींचाही गेला, त्यांनी स्वतःहून काम सोडलं.

तुझी,
शरयू

*

बारामती,
३ सप्टेंबर १९५७

चि. शरयूस,

मुक्या प्राण्याच्या मिशा कापून त्यावर रडणं याला आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा 'मगरीचा जप' म्हणत. तरी नंबर सातला माझा नमस्कार सांग.

तू वयाबद्दल लिहिलंस ते अगदी खरं निघालं. सिंधुबाईला मी काढलं.

नीट सांगते. गणपतीत शाळेतल्या जुन्या शिक्षिकांना दरवर्षीप्रमाणे जेवायला बोलावलं होतं. सात जणी आणि शेजारच्या प्रयागबाई. पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी. मी पहिला घास घेतला आणि पान बाजूला सारलं. गोड होतं, चोथ्यासारखं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माफ करा, आज तुम्हांला गवत वाढलं आहे." त्या म्हणाल्या, छान झालंय. दोघींनी तर तिसऱ्यांदा आमटी घेतली. सभ्य बायका आहेत, मीच घडवल्या आहेत. सिंधुबाई दारात उभी होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध. मी स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. सिंधुबाई विहिरीवर धुण्याला होती. तिथून ती ओरडत धावत आली, तेव्हा पातेलं काळं ठिक्कर झालं होतं आणि घरभर धूर. मी विचारलं, दूध ठेवून बाहेर जायला तुला काय झालं होतं? तर म्हणाली, "बाई, जाताना तुमास्नी सांगून गेले व्हते. तुमी हितंच बसला व्हता की."

चौदा वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, "हात गेला, आता तोंडही सुटलं. तुझं वय झालं. गावी जा." तिने खंडोबाला नमस्कार केला आणि ट्रंक भरून दुपारच्या गाडीने कळंबला गेली. खंडोबाला इथेच ठेवून गेली. म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ द्या, तुमच्याकडं बघायला कुनीतरी पायजे."

आता म्हाळसा म्हणून एक बाई ठेवली आहे. ती चाखते. डावामागून डाव चाखते. पातेलं माझ्यापर्यंत येतं तेव्हा अर्धं झालेलं असतं, आणि उरलेल्यालाही चव नसते. या तालुक्यात स्वयंपाक ही कलाच संपलेली दिसते.

अनसूया

*

अलिबाग,
११ सप्टेंबर १९५७

ती. आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. टाकीतलं पाणी बदलायची वेळ चुकली, सरांनी झापलं.

सिंधुबाईच्या जागी म्हाळसा कायमची ठेवली आहेस, असं अजून कोणाला सांगू नकोस. माझी एवढी विनंती आहे. कळंबला तिचं कोण आहे? भाऊ आणि भावजय ना? पन्नाशीत भावजयीच्या दारात जायचं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

आता माझ्या कामाचं. मला माणसांवर एक छोटा प्रयोग करायचा आहे आणि त्यासाठी शिस्तीचं, खोटं न लिहिणारं माणूस हवं. माझ्या ओळखीत असं एकच आहे. सोबतच्या पुडक्यात सहा पुड्या आहेत, नंबर घातलेल्या. उघडायच्या नाहीत. प्रत्येकीला सुईने भोकं पाडली आहेत. डोळे मिटून एकेक नाकाखाली धरायची आणि वास कसला ते लिहायचं. एक पुडी मुद्दाम बिनवासाची आहे, ती कोणती हेही ओळखायचं. नंतर तू डोळे मिटून बस आणि म्हाळसाला तुझ्या जिभेवर चिमूट चिमूट मीठ, साखर, चिंच आणि मेथीची पूड ठेवायला सांग, तिला हवा तो क्रम लावू दे, आणि ओळख.

जे असेल तेच लिही. अंदाज नको. तू मला गणितात अंदाज करू द्यायची नाहीस, आठवतं?

शरयू

*

बारामती,
२४ सप्टेंबर १९५७

चि. शरयूस,

प्रयोग पार पडला. आधी तुमच्या पोस्टखात्याबद्दल.

आमचा पोस्टमन सोपान तुझं पुडकं काठीच्या टोकाला लटकवून घेऊन आला. काठीच्या! दुसऱ्या हाताने नाक धरलं होतं. मला म्हणतो, "बाई, ह्यात काय मेलंय? पोस्टात समदे बाहेर जाऊन बसल्यात." मी त्याला पहिलीत वर्णमाला शिकवली आहे. मी म्हटलं, "सोपान, सरकारी कामावर असताना चेष्टा करायची नाही." तो पुडकं उंबऱ्यावर ठेवून पळाला. प्रयागबाईंच्या मांजराला तर त्या दिवशी तुझ्या शास्त्रात इतका रस उत्पन्न झाला, की दुपारभर माझ्या खिडकीशी विनवण्या करत बसलं होतं. प्रयागबाईंनीही कुंपणावरून विचारलं, "आज काय कोकणचे पाव्हणे आलेत का?" मी म्हटलं, पुतणीचं पत्र आहे. त्या हसल्या. का, ते मला कळलं नाही.

आता निकाल. नंबर एक: वास नाही. नंबर दोन: वास नाही. तीन, चार, पाच, सहा: वास नाही. एक बिनवासाची असेल असं तू लिहिलं होतंस. सहाच्या सहा तशाच आहेत. पुड्या शिळ्या झाल्या असणार किंवा तुझ्या हातून खडूची भुकटी सगळ्यांत भरली गेली. माझ्या वर्गात असतीस तर तुला पुन्हा करायला लावलं असतं.

जिभेचं मात्र बरोबर आलं. मीठ, चिंच, मेथी, साखर, सगळं पहिल्या फटक्यात. म्हाळसा थक्क झाली. म्हणजे माझी जीभ शाबूत आहे हे शास्त्राने सिद्ध झालं, आणि दोष सिंधुबाईचाच होता. यासाठी तुझे आभार.

तिची बातमी बसच्या कंडक्टरकडून कळली. दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाते म्हणे. भावजय साखरबाई तिला बसून खाऊ देत नाही. मला त्याचं काय? काही नाही. फक्त तिचे गुडघे दुखतात, वाकून काम होत नाही, एवढं मला माहीत आहे म्हणून लिहिलं.

अनसूया

*

अलिबाग,
३० सप्टेंबर १९५७

ती. आत्या,

हे पत्र बसून वाच. वर्तमानपत्रासारखं वाच, म्हणजे राग आला तर चुरगाळता येईल.

नंबर एकमध्ये हिंग होतं. दोनमध्ये कॉफी. तीन वेलदोडा, सहा लसूण. चार खडू, तू बरोबर म्हणालीस.

पाचमध्ये सुके बोंबील होते, कुटून. इथल्या पोस्टमास्तरांनी पुडकं घ्यायला नकार दिला होता. सरांची चिठ्ठी आणावी लागली. अलिबागेतला माणूस बोंबलाला नाक मुरडतो, म्हणजे ते किती असतील याची कल्पना कर. सोपान चेष्टा करत नव्हता. मांजरालाही शास्त्रात रस नव्हता.

आत्या, तुझं नाक गेलं आहे. फ्लूच्या तापात गेलं. सोनटक्का, आंबेमोहोर, साबण, कॉफी, सगळे तसेच आहेत. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो. घास तोंडात गेला की घशामागून नाकात चढतो. जिभेपुरतं तुला अजून नीट कळतं. म्हणूनच तू लिहिलं होतंस, मीठ आहे, आंबट आहे, तिखट आहे, आमटी नाही. तुझं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे, इतकं अचूक कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नव्हतं. आणि ते वाचूनही मला तेव्हा कळलं नाही. शेजारच्या खोलीत दूध जळालं आणि तू वाचत बसलीस, हे आलं तेव्हा कळलं. नंबर सात कोळंबीपासून वीतभर अंतरावर असाच बसतो.

म्हणजे सिंधुबाईचा हात गेला नव्हता. आणि "हात जातोच कधीतरी" हे शहाणपण मी शिकवलं, न बघता, न विचारता, दीडशे मैलांवरून. निम्मी चूक माझी आहे. ती मी माझ्याकडे घेते.

परत येईल का? कॉलेजच्या डॉक्टरांना विचारलं. काहींचं काही महिन्यांत येतं, काहींचं येत नाही. मी वचन देऊ शकत नाही. एवढंच सांगते की परवा नंबर सातने जुनं कवच टाकलं. नव्या कवचाला दोन मिशा आहेत. अगदी तोकड्या, पण आहेत.

शरयू

*

बारामती,
५ ऑक्टोबर १९५७

शरयू,

मी खेकडा नाही.

फ्लू झालेल्या सगळ्यांची नाकं जागेवर आहेत आणि माझंच तेवढं गेलं, असं तुझं म्हणणं दिसतं. कोणताही पुरावा दोन्ही बाजूंनी बघावा लागतो. माझी सर्दी असेल. पुड्या शिळ्या असतील. सोपान लहानपणापासून नाटकी आहे.

येत्या गुरुवारी मी कळंबला जाते आहे. माफी मागायला नव्हे, गैरसमज नको. सिंधुबाईला समोर उभं करून विचारणार: दूध ठेवून जाताना मला खरंच सांगितलं होतंस का, आणि पुरणात वेलदोडा घातला होतास का? ती खोटं बोलत नाही, हा तिच्यातला एकमेव गुण मी आजही मान्य करते. मग तुझं शास्त्र काय म्हणतं ते बघू.

मिशा कापणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या नाकाबद्दल बोलू नये.

अ. चौबळ

*

मु. कळंब, ता. इंदापूर
१२ आक्टोबर

शरयूताई यांस सिंधुबाईचा नमस्कार. दोन कारडं लिवते, एकावर मावनार न्हाय. आदी पैलं वाचा.

गुरवारी बाई आल्या. मी आन पाच बाया पाटलाच्या उसात खुरपीत व्हतो. गाडीतून उतरून बाई बांधाबांधानं चालत आल्या, छत्री उगडी, चप्पल चिखलात. साखरबाई म्हनली, आली तुजी सायबीन. मला वाटलं अजून काय राहिलंय बोलायचं.

बाई बांधावर उभ्या ऱ्हायल्या. म्हनाल्या, सिंधुबाई, मी तुला दोन प्रश्न इचारायला निगाले व्हते. आता इचारत न्हाय. मी म्हनलं, का वो? तर म्हनाल्या, "कारखान्याच्या वळनाला मळीचा वास आला आसंल. समद्या गाडीनं नाकाला पदर लावला, कंडक्टरनं टोपी लावली. मी एकलीच उगड्या नाकानं सरळ बसले व्हते. शेजारची बाई म्हनली, तुमास्नी बरं सोसवतं. तवा मला कळलं." मग म्हनाल्या, "सिंधुबाई, मी चुकले. तुजा सयपाक चांगला व्हता. चार माणसांत बोलले म्हनून चार माणसांत सांगते." समद्या बाया खुरपं टाकून बघाया लागल्या. ऊन लई व्हतं, मी म्हनलं त्या लिंबाला टेका बाई. तर म्हनाल्या, न्हाय, चूक कबूल करताना कशाला टेकायचं नसतं, आमच्या सिस्टरनी शिकवलंय.

(हे दुसरं कारड हाय.)

ताई, तुमाला एक सांगते, बाईस्नी सांगू नका. मला आखाडापासनं ठावं व्हतं. कपाटामागं उंदीर मेला व्हता, तीन दिस. बाई त्या कपाटाला पाठ लावून पेपर वाचायच्या. मी उंदीर गुपचूप टाकला. तवाच समजले, बाईंचं नाक तापात गेलं. बोलले न्हाय. बाईस्नी आपलं काय कमी झाल्यालं चालत न्हाय, त्यात आजारातनं उठल्याल्या. म्हनलं येईल परत, तवर माज्या हाताला नावं ठिवतील तर ठिवू द्या. पन दुदाच्या दिवशी भ्याले. घर पेटलं आसतं तर? म्हनून तोंडातून गेलं. तितंच चुकलं माजं, आदीच सांगाया पायजे व्हतं.

मी बाईस्नी म्हनलं, येते, पन निवदाच्या आदी चाखनार न्हाय. बाई म्हनाल्या, नको चाखू. मला वास न्हाय, तुला चव न्हाय, खंडोबा दोघींचं बघून घेईल. साखरबाईनं भाकरी बांधून दिली, चांगली वागली, सायबीन बांधावर आली म्हनून गावात तिचाच मान वाढला.

उद्याच्या गाडीनं जाते. दिवाळीला या. शेंगोळी करीन.

सिंधुबाई

*

बारामती,
१९ जानेवारी १९५८

चि. शरयूस,

आशीर्वाद, आणि या वेळी तक्रार एकच आहे, पण गंभीर आहे.

दिवाळीत तू आलीस तेव्हा तू आणि सिंधुबाई मागच्या खोलीत तासभर कुजबुजत होतात. मी समजले, शेंगोळीचं प्रमाण विचारते आहेस. आज मला खरं काय ते कळलं.

सकाळी मी नेहमीच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. म्हाळसा आता प्रयागबाईंकडे चाखते, त्यामुळे घर शांत असतं. अग्रलेखाच्या मध्यावर मला काहीतरी खटकलं. लेखात खटकण्यासारखं पुष्कळ होतं, पण हे निराळं होतं. मी चष्मा काढला. पुन्हा लावला. मान वर केली. मग उभी राहिले आणि ओरडले, "सिंधुबाई, दूध लागलंय!"

ती कुठे बाहेर नव्हती. चुलीपुढेच पाटावर बसली होती. समोर छोटी कढई, तळाला चमचाभर दूध, काळं झालेलं. मला बघून उठली नाही. पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आला व्हय वास? आला?" मी म्हटलं, "मला एवढंच सांग, तुझ्या डोळ्यांसमोर दूध जळतं कसं?" तर रडता रडता हसायला लागली. दिवाळीपासून रोज सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं की ती चमचाभर दूध कढईत टाकून जाळते आणि दाराच्या फटीतून माझ्या नाकाकडे बघते. चुलीशेजारी कोळशाने रेघा ओढल्या होत्या. ज्या दिवशी मी मान वर केली नाही त्या दिवशी आडवी. मी मोजल्या नाहीत, भिंत भरली होती. आज तिने उभी ओढली. हे तिला कोणी शिकवलं, ते मी विचारणार नाही. माझ्या घरात, माझ्यावर, माझी परवानगी न घेता प्रयोग! तुमच्या टाकीतल्या खेकड्यांनी निदान तुझ्याकडे शिस्तीने डोळे तरी वटारले असतील.

मग सिंधुबाईने मला सगळ्या घरात फिरवलं. हिंगाचा डबा, काही नाही. साबण, काही नाही. कॉफी, किंचित, किंवा माझी इच्छा असेल. सोनटक्क्याचा हा महिना नाही. नुसतं जळकं दूध, आणि तेही थोडं वेडंवाकडं, आठवणीतल्यासारखं नाही. मी त्याच्यापुढे उभी राहून चारदा हुंगलं. सिंधुबाई म्हणाली, "बास करा बाई, दूध हाय ते, अत्तर न्हाय."

उंदराबद्दलही तिने आज सांगून टाकलं. मला कमीपणा वाटू नये म्हणून ती दोन महिने माझ्या शिव्या खात होती, आणि मी तिच्या स्वयंपाकाला गवत म्हणाले, सात शिक्षिकांसमोर. त्या सातही जणींना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं आहे. बोलावण्याचं कारण त्यांना पानावर बसल्यावर सांगेन, उभी राहून. पुरणपोळीची चव मला कळणार नाही, पण कोणी तिसऱ्यांदा आमटी घेतली तर या वेळी मी विश्वास ठेवीन.

नंबर सातला निरोप दे, की बारामतीतही एक तोकडी मिशी फुटली आहे. आणि नंबर पाचची पुडी पुन्हा पाठव, ताजी, जाड कागदात न गुंडाळता. सोपान काठी घेऊन आला तर मी दारात उभी असेन. त्याच्याबरोबर नाक धरायची माझी फार इच्छा आहे.

तुझी आत्या,
अनसूया चौबळ